मानेवरचा बिबट्या, व्हाया डिंभे

माझी मामेबहीण सायली पडद्यासाठी खोट्या जखमा करते. मालिकांतली बरीच मंडळी तिच्या हातून घायाळ झाली आहेत. आता तिला तमाशाच्या फडात काम हवं होतं. नारायणगावच्या एका फडाच्या मालकीणबाईंनी तिला नमुना दाखवायला बोलावलं. त्यांच्या नव्या वगात बिबट्याचा हल्ला होता आणि नमुना म्हणजे माझी मान. मी लगेच तयार झालो, कारण वाट वाकडी केली की डिंभ्याचे मासे मिळतात.

शिवाजीनगरहून एसटीने मंचर, पुढे जीपने घोडेगाव आणि डिंभे. धरणाजवळ तळलेले मासे आणि भाकरी, दोघांचं मिळून पुण्यातल्या एका पिझ्झ्याहून स्वस्त. मात्र परतीच्या एसटीवर विसंबू नका. तिची वाट बघता बघता सायलीने झाडाखाली पेटी उघडली आणि माझ्या मानेवर सिलिकॉनचे ओरखडे चिकटवून वर लाल पाक ओतला. बिबट्यांच्या मुलखात भर रस्त्यावर हे करू नये, एवढी अक्कल दोघांनाही नव्हती.

टोमॅटोचा पिकअप करकचून थांबला. "पावणं, कुठं गाठला वाघानं?" इकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. मी काही बोलायच्या आत दत्ताभाऊ नावाच्या त्या गृहस्थांनी मला उचलून आत बसवलं. शेजारी चढलेली सायली कानात म्हणाली, "जरा कण्ह. एसटी नाहीये." मी मन लावून कण्हलो.

गाडी घोडेगावच्या दवाखान्याकडे सुटली. भाऊंनी घरी फोन लावला. "आज बाजार ऱ्हाऊ दे. पोराला वाघानं धरलंय, मी हाय त्याच्यासंगं." आता मात्र मला लाज वाटली. मी जखम ओढून काढली आणि ती फाटली.

भाऊंनी गाडी बाजूला घेतली. "ताई, आमच्याकडं वाघानं खरंच माणसं जात्यात." सायलीने माफी मागितली. मग, त्यांचा टोमॅटोचा बाजारही नारायणगावलाच असल्याने, ते आम्हाला तिथे घेऊन आले.

मालकीणबाईंनी तो तुकडा बोटांत धरला. "ह्ये फाटकं रबर बघून काम देऊ व्हय?" सायलीचा चेहरा पडला. तेवढ्यात माल उतरवून आलेले दत्ताभाऊ राहुटीच्या दारातून म्हणाले, "बाई, वाघानं धरलेली माणसं मी जवळनं बघितलीत. तरी फसलो. फकस्त खेळाच्या आधी खोटं हाय म्हणून सांगा, न्हाईतर पब्लिक नटाला दवाखान्यात नेईल."

बाई हसल्या आणि सायलीला काम मिळालं.

मी तसाच लालभडक शर्ट घालून पुण्यात उतरलो. रिक्षावाल्याने बघितलं, सीटवर पेपर अंथरला आणि मीटर टाकला. मी मुद्दाम दोनदा कण्हलो. त्याने गाण्याचा आवाज वाढवला.