कोशाच्या साड्यांवरचं वॉरंट

ही केस मी शंभरदा तरी सांगितली असेल. बार रूममध्ये सांगितली, जावयाला सांगितली, ज्युनिअरांना तर इतक्यांदा, की शेवट तेच माझ्याआधी बोलतात. पण तिच्यातला एक भाग मी आजवर कुणापुढे काढलेला नाही – बायकोपुढेही नाही. आज तुमच्यापुढे काढतो. मात्र आधी जिंकल्याचं ऐका, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

भंडाऱ्यातल्या एका मोठ्या कापड दुकानाची पोलिसांनी झडती घेतली होती. तक्रार सुमनबाईंची. मोहाडीकडच्या विणकर त्या. सात-आठ जणी मिळून कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणायच्या आणि पदराला मोहाच्या फुलाचा आपला शिक्का लावायच्या, रीतसर नोंदवलेला. तोच शिक्का मारून हे दुकान यंत्रमागाचा भेसळीचा माल विकतं, असं त्यांचं म्हणणं. दंडाधिकाऱ्यांनी वॉरंट दिलं. पोलिसांनी दुकानातून, गोदामातून, शिवाय मागच्या राहत्या घरातूनही गठ्ठे उचलले. दुसऱ्या दिवशी शेठजी माझ्या ऑफिसात हजर – सोबत अर्धी बाजारपेठ! मी तोवर वाटण्या आणि जामिनांवर पोट भरणारा वकील. ट्रेड मार्कच्या कायद्याचं पुस्तकसुद्धा नागपूरहून आणवावं लागलं.

आणि काय बोललो मी सत्र न्यायालयात! वॉरंट म्हणजे रिकाम्या जागा भरलेला छापील फॉर्म. झडती कुठे? ‘दुकान, गोदाम व इतर सर्व ठिकाणी’. जप्त काय करायचं? ‘बनावट माल’. खरा कुठला, बनावट कुठला, हवालदाराने ओळखायचं कसं? मग मी हुकमी मुद्दा टाकला – तक्रारदाराने दंडाधिकाऱ्यांपुढे एक अस्सल साडी ठेवली नाही, एक नकली ठेवली नाही, नोंदणीच्या दाखल्याची नक्कलही जोडली नाही. मग त्यांची खात्री पटली कशावर? वॉरंट रद्द, सगळा माल परत. व्हरांड्यात गुलाल उधळला, पेढे वाटले, मला अक्षरशः उचललं. तेव्हापासून झडतीच्या वॉरंटला आव्हान द्यायचं म्हटलं की गोंदियाचे वकीलही मला फोन करतात. खोटं कशाला बोलू, छाती फुगते अजून.

तुम्ही म्हणाल, यात कबूल करण्यासारखं काय आहे? नकली माल विकणाऱ्यालाही वकील मिळाला पाहिजे आणि अशी मोकाट झडती घेणं बेकायदाच, हे मी आजही ठणकावून सांगेन. नाही, ते नव्हे. मला सांगायचंय ते – बघा, अजून जीभ अडते आहे.

वॉरंट मागणाऱ्या सुमनबाईंच्या अर्जात कुठे कुठे भोकं आहेत, हे मला पुस्तक येण्याआधीच कसं कळलं? शेठजींनी त्या अर्जाची नक्कल टेबलावर ठेवली आणि पहिल्याच ओळीला मी ती ओळखली. तो अर्ज मीच लिहून दिला होता.

झडतीच्या तीन आठवडे आधी सुमनबाई कोर्टाच्या आवारात माझ्याकडे आल्या होत्या. धुडक्यात दोन साड्या बांधून. “हात लावून पाहा, साहेब. हे आमची, हे त्यायची. लहान पोट्टंही ओळखते.” मी हातसुद्धा लावला नाही. म्हटलं, “कापड कायले आणलं, बाई? घरी घेऊन जा. कोर्टाले कागद लागते.” विणणाऱ्या बाईला वाटलं, साडीच पुरावा आहे. आणि तिचंच बरोबर होतं! मी दहा मिनिटांत टायपिस्टला मजकूर सांगितला. ‘इतर सर्व ठिकाणी’ हे अर्ज वजनदार दिसावा म्हणून माझ्या पदरचं; वॉरंटात ते जसंच्या तसं उतरलं. दाखला मागितलाच नाही. फी घेतली नाही, वकीलपत्र नाही, माझं नाव कुठेच नाही. सही करून त्यांनी तो स्वतःच दाखल केला.

एकाचं ऐकून घेऊन त्याच भांडणात दुसऱ्याकडून उभं राहायचं नाही, हे वकिलीत नव्याने आलेल्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं? ‘ही केस मला घेता येणार नाही’ – एवढं म्हणायचं होतं. पण मग दुसरा कुणी माझ्या चुकांवर जिंकला असता आणि या चुका कुणाच्या, हेही बाहेर आलं असतं. शिवाय तो जिंकणारा मला व्हायचं होतं. फी घेतली नाही म्हणजे ती माझी अशील नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

‘एक साडीही ठेवली नाही’ असं मी म्हणालो, तेव्हा सुमनबाई मागच्या बाकावरून अर्धवट उठल्या होत्या. पुन्हा बसल्या. नंतर व्हरांड्यात, त्या गुलालात, माझ्यापाशी आल्या. “साहेब, मी तं आणल्या होत्या ना. तुमीच म्हनलं, घरी घेऊन जा.”

“काय म्हणून राहिली हे बाई?” शेठजींनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो, “हरली ना, तं बडबडून राहिली.”

सगळे हसले. मीही हसलो. त्या निघून गेल्या.

परत मिळालेला माल त्याच लग्नसराईत खपला. नमुने आणि दाखला जोडून नवा, नेमका अर्ज करता आला असता. हे जिल्ह्यात सगळ्यांत चांगलं मला ठाऊक होतं, आणि मी त्यांना सांगितलं नाही. पुढच्या वर्षी त्या बायकांनी शिक्का लावणंच सोडून दिलं. त्यांच्या साड्या आता कुणाच्याही नावाने विकल्या जातात. सुमनबाईंनी माझं नाव कुठेही घेतलं नाही.

ती केस निघाली की मला आजही आधी आनंदच होतो. सुमनबाई नंतर आठवतात.