दाढेने मोडलेली जोडी

"उद्यापासून माझ्यासमोर बसू नको," असं मी हौसाला सांगितलं. तिनं हातातला टोमॅटो क्रेटमध्ये ठेवला. फेकला नाही, ठेवला. पदर झटकून उठली आणि शेजारच्या गाळ्यावर कामाला गेली.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो निवडणाऱ्या बायकांच्या टोळीची मी मुकादम आहे. निवडणं म्हणजे ग्रेडिंग. कच्चा माल वेगळा, रंग आलेला वेगळा, डागी वेगळा. ढिगाच्या दोन बाजूंना दोघी समोरासमोर बसतात. एकीच्या नजरेतून सुटलं ते दुसरीनं धरायचं. हौसा तरुणपणापासून माझ्यासमोर बसत आली होती.

त्या दिवसांत मला सगळंच लांबचं वाटत होतं. लहानपणी घोड नदीत बुडी मारली की काठावरचं बोलणं ऐकू यायचं, पण शब्द कळायचे नाहीत. तसंच काहीसं. समोर लाल ढीग, पलीकडे धुक्यातून येणाऱ्या जीप, बायकांचे हलणारे ओठ, आणि मी कुठेतरी खाली, गार पाण्यात. घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडावं, एवढंच मनात यायचं. बायका माझ्यापासून सरकून बसत. कुजबुजत. मी जवळ गेले की गप्प. हौसा तर माझ्याशी बोलताना मान फिरवायची. हिला माझी मुकादमी पाहिजे, असं मी धरून चालले.

हौसा गेली आणि माझ्या ढिगातून डागी माल गाडीत जायला लागला. आमचे शेठ जैन घरातले, पण बोलणं आमच्याहून गावरान. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मावशे, जोडी लाव. न्हाय तर टोळी दुसरीच्या हाती देतो."

ते दुसऱ्याच कुणाला बोलतायत असं मला वाटलं.

दुपारी नळावर मिसरी लावत होते. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू, आम्ही बायका ती हिरड्यांना चोळतो. मागे दाढ ठणकायची, तेव्हापासून मी त्याच बाजूला जास्त चोळायचे. ठणका मरायचा. दाढ बरी झाली असं मी समजत होते. तेवढ्यात हौसा आली.

"कोन सांगत न्हाई म्हनून मीच सांगते. तुझ्या तोंडाला मेलेल्या उंदरावानी वास येतोय."

"म्हनून लांब बसता व्हय?"

"मग काय मांडीवर बसू? तुला कुनी सांगायचं, त्यावरच आमची कुजबुज चालली व्हती. मीच सांगनार व्हते, तर तू मलाच उठवलं."

तिनंच मला जीपमध्ये कोंबून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. मिसरीनं ठणका दबला, सूज आत वाढत राहिली. बाई म्हणाल्या, सूज हिरडीत असली तरी रक्तातून तिचे निरोप मेंदूपर्यंत जातात. मग माणूस मलूल होतं, एकटं राहावंसं वाटतं, साधं बोलणंही टोचतं. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही, पण होतं.

"म्हंजी हौसाच्या मनात काई नव्हतं?" मी विचारलं.

"ते मी तपासलेलं नाही, आजी," त्या म्हणाल्या.

पू काढला, गोळ्या दिल्या, मग दाढही काढली. पाणी उतरावं तसं ते लांबपण हळूहळू उतरत गेलं. एका सकाळी बाजारात उभी होते. धुकं होतंच, पण त्यातून हमालांचं भांडण शब्दन्‌शब्द ऐकू आलं. शिव्या होत्या, तरी बरं वाटलं.

मी शेजारच्या गाळ्यावर गेले आणि हौसाला चल म्हटलं. तिनं आधी माझं तोंड हुंगलं. मग आपलं पोतं उचलून आली आणि माझ्यासमोर अंथरलं. टोळी माझ्याकडेच राहिली.

माझं म्हणणं एवढंच. बाई विनाकारण कुढायला, भांडायला लागली तर तिला आधी डॉक्टरला दाखवावं. काही निघालं नाही, तर मग भांडावं.