उठाव कोणाच्या पट्टीत?

जेवण झालंय, पंखा कुरकुरतोय आणि मी उशीवर नुसतं डोकं टेकलंय. झोपायचं नाहीये मला. चहाच्या वेळेला आमच्या संस्थेचे अध्यक्ष कोरगावकर फोन करणार आहेत. नाटकातली गर्दी ठेवायची की कापायची, हे मला त्यांना सांगायचंय.

गर्दी म्हणजे आमचा कोरस. युरोपातल्या जुन्या ऑपेरांच्या धर्तीवर संगीत नाटक बसवतेय मी. मिठावर कर बसतो, मिठागरातले लोक खवळतात आणि सरदाराच्या गढीवर चालून जातात. कागदावर अंगावर काटा येतो. तालमीत मात्र माणसं नुसती तोंडं हलवतात आणि ऐकू येतो एकटा नायक. कोरगावकर म्हणतात, गर्दी काढा, नायकाचं पद वाढवा, वन्स मोअर तरी मिळेल. माझ्या डोक्याचं पार खोबरं झालंय.

पंख्याची कुरकुर हळूहळू सुरात येते. बघते तर वेलणकर मास्तर तंबोरा जुळवत बसलेत. नाटकाच्या चाली त्यांच्याच. दिवाळीच्या आधी गेले ते. मला हे आठवतंय, तरी विचारते, चहा टाकू का. ते मानेनंच नको म्हणतात. मला इतका आनंद होतो की रडू येतं, आणि रागही येतो. असं अर्ध्यावर टाकून जातं का कुणी?

आता आम्ही मिरजेच्या तंबोऱ्यांच्या गल्लीत आहोत, उशी मात्र माझ्या काखेत आहे. मी सगळं गाऱ्हाणं सांगते. मास्तर खुंटी पिळत ऐकतात.

"कोरस कोणत्या पट्टीत गातोय?"

"पेटीची काळी तीन."

"ती कोणाची?"

"नायकाची," मी म्हणते, आणि माझं मलाच कसंतरी होतं. बायकांना ती पट्टी खाली जाते, पुरुषांना वर ताणावी लागते. तोंडं हलवतील नाहीतर काय करतील बिचारे?

"म्हणजे लोक उठलेत, पण त्याच्या सोयीनं," मास्तर म्हणतात.

मी हट्टानं वाद घालते. त्या ऑपेरांत सगळी प्रजा एका सुरात गायची की! एका शहरात म्हणे प्रेक्षक नाट्यगृहातून थेट रस्त्यावर उतरले आणि राज्य उलथलं. मास्तर शांतपणे विचारतात, रस्त्यावर आल्यावर कुणी त्यांची पट्टी विचारली होती का.

पायाखाली पांढरंशुभ्र मीठ आहे. घोट्यापर्यंत पाणी. त्या मिठागरातच भाजीचे सौदे चाललेत, आणि ओरडताहेत ती माझीच कोरसची माणसं. पोस्टातल्या साळवीबाई टिपेला, एसटीतून निवृत्त झालेले घोरपडे पार खर्जात. एकाचा सूर दुसऱ्याला लागत नाही. मला भीती वाटते. ही माणसं आता कुणाचं ऐकणार नाहीत.

"तुझी पट्टी कोणती, शालन?"

मी म्हणते, मी दिग्दर्शक आहे, मी गात नाही. ते हनुवटीनंच गर्दीकडे खूण करतात. मग मी साळवीबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहते आणि बेंबीच्या देठापासून ओरडते, मीठ आमचं, मीठ आमचं. बेसूर, पुन्हा पुन्हा. मास्तर डोळे मिटून ऐकतात, चांगलं गाणं ऐकावं तसं.

तेव्हा कुठे मनातलं बाहेर पडतं. "गेलेल्या माणसाच्या चालीला हात कसा लावू, मास्तर? तुमचं एवढंच उरलंय माझ्याकडे."

"मोड," ते म्हणतात. "मी काही रागवायला येणार नाहीये."

हेच तर सोसत नाही मला. मी त्यांचा सदरा धरायला जाते आणि फोन वाजतो.

खोलीत ऊन आलंय. कोरगावकर विचारतात, मग गर्दी कापायची ना? मी तोंड उघडते, तर आवाजच फुटत नाही. घसा पार बसलाय, आवंढा गिळतानाही दुखतंय. दुसऱ्या खेपेला निघतो तो फाटका, घोगरा आवाज माझा मलाच ओळखू येत नाही.

"आवाजाला काय झालं, बाई?"

"ओरडत होते," मी सांगते. "गर्दी राहणार, ज्याच्या त्याच्या पट्टीत. मास्तरांची चाल मोडायची आहे."