शेजारची खटखट

शेलार गावातल्या गाळ्यात मी जहाजांच्या छोट्या प्रतिकृतींसाठी रेझिनचे सुटे भाग ओतते. नांगर, भोंगे, नखाएवढ्या लाइफबोटी. रबराच्या साच्यात पातळ रेझिन ओतलं की दहा मिनिटांत घट्ट होतं. तेवढ्यात आतली हवा वर आली नाही, तर भागाला भोकं पडतात आणि माझं डोकं फिरतं.

भिंतीला भिंत लागून शेजारच्या चाचांचे चार लूम, कापड विणायचे यंत्रमाग. दिवसभर खटखट, खटखट! माझं टेबल थरथरायचं, कपातला चहा हिंदकळायचा. सात वर्षं मी भांडले. "चाचा, डोकं फुटंल माझं एक दिवस!" ते हसून म्हणायचे, "बेटी, लूम चुप तो घर चुप."

गेल्या वर्षी त्यांचा धंदा बसला. तीन लूम भंगारात गेले. शेवटी चौथाही एका सोमवारी बंद केला, पुढच्या सोमवारी तोही जाणार होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. निवांत चहा प्यायले.

त्याच आठवड्यात मला चाळीस लाइफबोटी द्यायच्या होत्या. पहिली खेप भोकांची. दुसरीही तशीच. रेझिन बदललं, साचा बदलला, वज्रेश्वरीला नारळसुद्धा कबूल केला. छे! शनिवारी थकून टेबलावर हात टेकला. टेबल गप्प होतं. तेव्हा कुठे अक्कल आली. टेबल थरथरायचं म्हणून तर हवा वर यायची! सात वर्षं ज्या लूमला शिव्या घातल्या, त्याच्याच जिवावर मी कारागीर म्हणून मिरवत होते.

मान खाली घालून चाचांकडे गेले, सगळं सांगितलं. म्हटलं, आता टोमणा बसणार. पण ते उठले, तेलाची बुधली घेतली आणि बीमच्या रुळावर उरलेल्या ताण्याचे तुटके उभे धागे जोडायला बसले.

"चाचा, कापड नको. नुसता चालवा."

"बिना धागे के खाली लूम नहीं चलाते, बेटी."

तासाभरानं लूम चालू झाला. मी धावत येऊन साचे भरले. एकाही बोटीला भोक नाही! एक नेऊन त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरून उलटीपालटी करून बघितली. मला रडूच आलं.

सोमवारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. माझं तोंड सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मी चाचांचं दार अडवून उभी राहिले. "लूम विकायचा नाही," म्हटलं.

भंगारवाल्यानं आत पाहिलं. "चाचा, ये क्या बोल रही है?"

माझ्या पाठीमागं खटखट सुरू झाली.