अण्णांच्या पायातला उजेड

माझ्या भाचीचं लग्न माझ्या बुटांमुळे मोडता मोडता राहिलं, याबद्दल आमच्या घरात आता दुमत नाही. ते जमलं कुणामुळे, याबद्दल मात्र मतभेद आहेत. माझं म्हणणं असं की तेही बुटांमुळेच. पण घरात माझं ऐकतं कोण?

हे बूट म्हणजे दिव्याचे बूट. मी अकोल्याला जुन्या शहरात वाढलो. आम्ही सहावीत असताना वर्गातल्या प्रकाशला (नाव खरंच प्रकाश, मी काय करू) त्याच्या काकाने नागपूरहून बूट आणले. टाच आपटली की मागे लाल दिवे लुकलुकायचे. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत कुणी साधं चाललंच नाही. ज्यांच्या पायात स्लीपर होत्या तेही टाचा आपटत फिरायचे. मधल्या सुट्टीत आम्ही प्रकाशसमोर रांग लावायचो. तो दयाळू होता, पण सावधही होता. बूट घालायला द्यायचा, मात्र एकच. दोन्ही दिले तर पोरगा पळून जाईल अशी त्याला भीती. त्यामुळे मी दिव्याचा बूट घातलेला आहे, पण फक्त डाव्या पायात. उजवा अनवाणी. एका बाजूने वरात, दुसऱ्या बाजूने दुष्काळ.

घरी मागायची सोय नव्हती, कारण आमचे वडील, म्हणजे अण्णा, त्याच शाळेत गणित शिकवायचे. पुढे तिथेच मुख्याध्यापक झाले. तरी एकदा जेवताना हिंमत केली.

“अण्णा, मले दिव्याचे बूट पाहिजे.”

“कायले?”

“सगळ्यायजवळ आहेत.”

“सगळे म्हंजे कोन?”

“प्रकाश.”

अण्णांनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि शांतपणे म्हणाले, “घरात लाईट आहे. पायात लावून तू काय वाचशीन?”

विषय संपला. जूनमध्ये मला काळे बूट मिळाले, दोन नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेले.

आता मी अमरावतीत राजापेठला गणिताचे क्लास घेतो. रोज संध्याकाळी माझ्या जिन्यावर पोरांच्या बुटांचा ढीग पडतो. जाड तळवे, पोपटी नाड्या, एकेका बुटाचा थाट असा की आत पाय नसला तरी तो पाचव्या मजल्यावर चढून जाईल. मी फळ्यावर त्रिकोण काढतो आणि माझं अर्धं लक्ष दाराकडे असतं. पोरांना वाटतं, सर कुणी उशिरा येतंय का ते बघतात.

आणि एके दिवशी, आमच्याच चौकातल्या दुकानात, मला ते दिसले. पांढरे शुभ्र. तळव्याच्या कडेने सगळीकडे दिव्यांची पट्टी. नुसता लाल नाही, चांगले सात रंग. आणि नंबर माझा.

“सर, मुलासाठी?” दुकानदाराने विचारलं.

“हो,” मी म्हणालो आणि स्वतःच्या पायात घातले. “त्याचा पाय माझ्याएवढाच आहे.”

(आम्हाला एक मुलगी आहे. तिचा पाय पाच नंबरचा आहे.)

घरी बायकोने, वैशालीने, टेबलावरच्या चार्जरची वायर हातात धरून तिचा माग काढला तेव्हा ती एका बुटात शिरलेली होती.

“हे काय लावून ठेवलं तुमी?”

“बूट. चार्जिंगले.”

“माझा मोबाईल मघापासून बंद पडून आहे आन् तुमी पाय चार्ज करून राहिले?”

मी तिला बटण दाखवलं. प्रत्येक बुटाच्या आतल्या बाजूला, घोट्याजवळ, कापडाखाली लपलेलं. एकदा दाबलं की दिवे लागतात. पुन्हा दाबलं की रंग बदलत राहतात. आणखी दाबलं की लुकलुकायला लागतात. बंद करायचं असेल तर दाबून धरायचं. बंद असताना साधे पांढरे बूट, कुणाला संशयही येणार नाही. वैशालीने सगळं ऐकून घेतलं आणि आपला मोबाईल चार्जिंगला लावला.

त्याच रविवारी आम्हाला अकोल्याला जायचं होतं. माझी ताई अकोल्यातच असते, अण्णा तिच्याजवळच राहतात. ताईच्या मुलीचं, सायलीचं जमत आलं होतं. मुलगा आणि सायली दोघं आधीच भेटलेले, दोघांची पसंती झालेली. आता फक्त मोठ्या माणसांनी एकत्र जेवून ‘हो’ म्हणायचं बाकी होतं, आणि ते हायवेवरच्या एका एसी हॉटेलात ठरलं होतं. ताईला काळजी एकच होती, अण्णांची.

“नित्या, तू अण्णाजवळ बस,” ती मला पोचल्या पोचल्या बाजूला घेऊन म्हणाली. “त्यायनं शिस्तीवर भाषण सुरू केलं का टेबलाखालून पाय दाब. मागच्या पाव्हण्यायले त्यायनं पाढे विचारले होते.”

मी होकार दिला. माझ्या मनात वेगळाच बेत होता. जेवण आटोपलं की संध्याकाळी जुन्या शहरात जायचं आणि आमच्या त्या गल्लीतून एकदा दिवे लावून चालत यायचं. दोन्ही पायांत. म्हणून तर वैशालीचे डोळे सहन करत मी तेच बूट घालून आलो होतो.

हॉटेलला निघताना मी हात धुऊन बाहेर आलो तर दारात माझे बूट नव्हते. तिथे अण्णांचे काळे बूट होते, चकचकीत पॉलिश केलेले, लाकडासारखे कडक. अण्णा ताईच्या गाडीत बसलेले होते. त्यांच्या पायात माझे.

“अण्णा, ते माझे आहेत.”

“माहीत आहे. माझ्या करंगळीले कुरूप झालं. हे नरम आहेत.” त्यांनी बोटं हलवून पाहिली. “चांगले घेतले. साधे आहेत.”

त्यांनी माझ्या एखाद्या खरेदीला चांगलं म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. मी काळे बूट पायात कोंबले आणि गाडीत बसलो.

हॉटेल असं होतं की आत शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही. जाड पडदे, निळसर उजेड, जमिनीपर्यंत लोंबणारे टेबलक्लॉथ. पाहुणे येऊन बसले होते. मुलाचे वडील गावंडे म्हणून, उंचेपुरे, पायात चामड्याच्या सँडल. त्यांनी अण्णांकडे निरखून पाहिलं आणि उठून उभे राहिले.

“सर, मले ओळखलं काय?”

“नाही.”

“आठवी ब. लाल बूट.”

अण्णांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. “गावंडे. शेवटचा बाक.”

“हो सर. मामानं मुंबईहून आणले होते. लाल, चेनवाले. तुमी ते काढून कपाटात ठेवले आन् मले उन्हात अनवाणी घरी पाठवलं. अजून भेटले नाहीत.”

ते हसून बोलले की दातओठ खाऊन, त्या उजेडात काही कळेना. ताईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू अण्णांना नोकरीवर मीच लावलं होतं. सायली पाण्याचा ग्लास नुसता फिरवत बसली.

दुसऱ्या एखाद्याने इथे विषय बदलून सूप मागवलं असतं. अण्णा म्हणाले, “बरोबरच केलं मी. माणसाची ओळख त्याच्या साधेपणात असते. आजकालच्या पोट्ट्यायले निव्वळ भपका पाहिजे...”

मी टेबलाखालून बुटाने त्यांचा पाय घोट्याजवळ दाबला.

अण्णांना काही जाणवलं नाही. ते गादीसारखे जाड नरम बूट, त्यात माझ्या बुटाचा दाब काय पोचणार. पण टेबलक्लॉथच्या खालच्या कडेने एक हिरवट उजेड पसरला. मला वाटलं हॉटेलची सजावट असेल. मग मला बटण आठवलं. मी बंद करायला म्हणून पुन्हा दाबला.

उजेड हिरव्याचा निळा झाला, निळ्याचा जांभळा.

“...कपडे भपकेदार, मोबाईल भपकेदार,” अण्णा म्हणत होते.

दाबून धरायचं, दाबून धरायचं, असं मनात घोकत मी पाय लावला. तेवढ्यात अण्णांनी पाय सरकवला आणि माझा दाब निसटला. टेबलाखाली वीज चमकल्यासारखं लुकलुकायला लागलं. गावंडेबाईंनी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.

“अहो, खाली काहीतरी जळून राहिलं.”

वेटर धावत आला, वाकून पाहतो तर टेबलक्लॉथमागे नुसता लखलखाट. “साहेब, वायर शॉर्ट झाली वाटते,” तो ओरडला. “मेन बंद करा.”

कुणीतरी तत्परतेने मेन बंद केलं. एसी थांबला, निळा उजेड गेला, सगळं हॉटेल काळंकुट्ट झालं. आणि आमच्या टेबलाखालचा जलसा तेवढा चालू राहिला.

“घाबरू नका,” अण्णांचा आवाज आला. “मी पाहतो.” चाळीस वर्षं शाळा सांभाळलेला माणूस तो, संकटात बसून कसा राहील? ते उठले आणि टेबलाबाहेर आले. त्या अंधारात आता काहीच दिसत नव्हतं. फक्त दोन पाय. एका पायात लाल-निळं-पिवळं, दुसऱ्यात संथ हिरवं (तो मी दाबलाच नव्हता, तो कसा लागला हे आजही कोडं आहे), आणि ते दोन पाय मुख्याध्यापकाच्या चालीने, ठाम पावलं टाकत, शॉर्ट सर्किट शोधत हॉटेलभर फिरत होते. अण्णा जातील तिथे उजेड जाई. “इथं पण आहे,” ते म्हणायचे. “इथं पण.”

बाजूच्या टेबलावरचं एक लहान पोर टाळ्या वाजवायला लागलं. मी तोंडातून शब्द काढायचा प्रयत्न करत होतो, पण वैशालीने माझा हात इतका घट्ट धरला होता की सगळा जीव तिथेच होता.

शेवटी गावंड्यांचा आवाज आला. अगदी हळू, वर्गात उत्तर द्यावं तसा.

“सर, ते तुमचेच पाय आहेत.”

दिवे आले. अण्णा काउंटरजवळ उभे होते. त्यांनी मान खाली घालून आधी उजवा पाय पाहिला, मग डावा. मग माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांपूर्वीची ती नजर मी लगेच ओळखली आणि नकळत उठून उभा राहिलो.

“नित्या, हे काय आहे?”

“दिव्याचे बूट, अण्णा.”

“अजून?” अण्णा म्हणाले.

मी हो म्हणालो. एवढ्यात गावंडे खुर्चीत मागे रेलून हसायला लागले. सुरुवातीला आवाजच नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग रुमालाने डोळे पुसत म्हणाले, “सर, माफ करा. पण हे पाहाले माझा बाप पाहिजे होता.” त्यांची बायको हसली, मुलगा हसला, सायलीने ग्लास खाली ठेवला आणि तीही हसली. ताई मात्र अण्णांकडे बघत होती. लग्न तरणार की बुडणार, हे आता त्या दोन पायांवर होतं.

अण्णा टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले, आणि नाड्या सोडायला लागले. दोन्ही बूट काढून त्यांनी टेबलाच्या बाजूने गावंड्यांसमोर ठेवले. बूट अजून लुकलुकतच होते.

“घे,” ते म्हणाले. “तुझे लाल शाळेच्या कपाटात उंदरानं खाल्ले. तुले सांगायचं राहून गेलं.”

गावंड्यांनी रुमाल खिशात ठेवला. मग त्यांनी आपल्या सँडल काढल्या आणि बूट पायात घातले. त्यांना ते अगदी बरोबर बसले. (माझ्या आयुष्यातल्या फार थोड्या गोष्टी इतरांना बरोबर बसतात. ही नेमकी बसली.) ते उभे राहिले, दोन पावलं चालले, टाच आपटून पाहिली.

“सर, मानपान काही नको आपल्याले,” ते म्हणाले. “सायली आमची झाली.”

“अन् माझ्या पायाचं काय?” अण्णा म्हणाले.

“तुमी माझ्या सँडल घाला. नरम आहेत.”

अण्णांनी त्या घातल्या, बोटं हलवली, आणि समाधानाने मान डोलावली. मग सूप मागवलं. मधल्या काळात मी एकदा, “माझे बूट...” एवढं बोललो होतो, पण ताई मला मिठी मारून रडत होती आणि ते वाक्य तिच्या खांद्यातच राहिलं.

जुन्या शहरातल्या गल्लीत जायचा बेत मी सोडून दिला. काळे बूट घालून तिथे मी लहानपणी पुष्कळ चाललो आहे. शिवाय चालणंच कठीण झालं होतं. त्या बुटांनी अण्णांची करंगळी निकामी केली होती, आता ते माझ्या दोन्ही टाचांकडे वळले होते. बसस्टँडवर मी वैशालीच्या खांद्यावर हात ठेवून, कण्हत, एकेक पायरी चढत अमरावतीच्या एसटीत शिरलो. एका कॉलेजच्या पोराने उठून मला खिडकीची जागा दिली. मी बसलो, पाय लांब केले, डोळे मिटले.

कंडक्टर आला. “मॅडमचं अर्धं,” म्हणून त्याने वैशालीचं तिकीट फाडलं. मग माझ्याकडे, माझ्या कपाळावरून मागे सरकलेल्या केसांकडे आणि शेवटी त्या बुटांकडे पाहिलं.

“काकाचं बी अर्धंच?”

“नाही, पूर्ण द्या,” मी म्हणालो.

“लाजता कायले काका? सरकारनंच सवलत देल्ली.”

“अहो, मी त्रेचाळीस वर्षांचा आहे.”

त्याचा विश्वास बसेना. वैशाली खिडकीबाहेर बघत होती, तिचा पदर तोंडात होता. शेवटी मी पाकिटातून आधार कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने जन्मसाल वाचलं, बोटांवर मोजलं, पुन्हा एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि कार्ड परत देत म्हणाला,

“वाटत नाही.”