जिन्यातल्या चौकशा

आमच्या वरच्या मजल्यावरचे सावंतकाका जिन्यात भेटले की प्रत्येक वळणावर थांबतात आणि काहीतरी विचारतात. "काय गं, लेकीचा अभ्यास काय म्हणतो?" पुढच्या वळणावर, "आईचे गुडघे?" मला वाटायचं, काय मेल्या चौकशा या माणसाला!

काल त्यांच्यासोबत हॉस्पिटलात गेले होते. तरुणपणी ते ब्राझीलमध्ये एका साखर कारखान्यावर कामाला होते. तिथे ढेकणासारखा एक किडा चावला आणि त्यातून अंगात शिरलेला परजीवी इतकी वर्षं गुपचूप त्यांचं हृदय पोखरत राहिला. काल त्यांना जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर बसवलं, नाकातोंडावर मास्क लावला. एवढ्याशा कामाला त्यांचा किती श्वास खर्ची पडतो, ते मशीन मोजत होतं.

"दम लागला तर हात वर करा हं," तपासणारी मुलगी म्हणाली. काका घामाने निथळले, पण हात वर करेनात. उलट अंगठा दाखवत राहिले. शेवटी तिनेच सायकल थांबवली.

मास्क निघाल्यावर काकांनी कसंबसं विचारलं, "बाळ, जेवलीस का?"

ती हसून डब्यातली भाजी वगैरे सांगू लागली. काका डोळे मिटून नुसते श्वास घेत होते.

माणूस आपली दमछाक कुठे कुठे लपवतो! आणि आपल्याला तो भोचकपणा वाटतो.

घरी परतताना जिन्याच्या पहिल्याच वळणावर काका थांबले. "लेकीचा अभ्यास..."

मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि पार बालवाडीपासून सांगायला सुरुवात केली.