काटा चाळीसवर, चित्त मोबाइलवर

मंडळी, आज सकाळी रेणापूरहून लातूरला काळी-पिवळीने आलो. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी. वेग चाळीस. इतकी नियमाला धरून चालणारी जीप मी क्वचितच पाहिली आहे.

फक्त ड्रायव्हर मोबाइलवर कुस्ती पाहत होता. अशी एकाग्रता आमच्या संस्कृत पाठशाळेत कुणाला साधली नव्हती.

एका वळणावर लोकांनी निम्म्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं. एक मावशी आमच्याकडे पाठ करून ते पायाने सारत होत्या. मी ओरडलो. ब्रेक लागला तेव्हा चाक सोयाबीनवर होतं आणि मावशी हातभर अंतरावर.

"काटा बघा सर, चाळीसच हाय," ड्रायव्हर म्हणाला. "म्या काय जोरात चालवायलोय का?"

मागून एकजण खेकसला, "रस्ता काय खळं हाय का तिचं?"

मावशी वळल्या. "खळं न्हाई बाबा. पर एवढी मोठी बाई दिसायला नको का तुमाला?"

मी मोबाइल उचलून पिशवीत टाकला. "लातूरला देतो." गाडीत एकच गलका. "उतरा खाली!" ड्रायव्हर म्हणाला.

"उतरतो. मोबाइलसकट."

पुढचा रस्ता त्याने काचेतून पाहिला. मोबाइल लातूरला परत केला.

वेगमर्यादा हवीच. पण समोर न पाहणाऱ्याचे चाळीसही माणूस मारायला पुरतात. उद्या परतताना पुन्हा पुढेच बसणार, पिशवी घेऊनच. तुमच्यापैकी कोण कोण ओरडणार आहे?